बॅकअप ऑन होता

फोन चोरीला गेला हे कळल्यावर माझ्या भाच्याने सगळ्यात आधी विचारलं, "मावशी, बॅकअप ऑन होता ना?" धक्काबुक्की झाली का, लागलं का, काही नाही, डायरेक्ट बॅकअप. आणि मीही एकदम ठसक्यात सांगितलं की हो, ऑन आहे. खोटं नव्हते बोलत. बॅकअप ऑनच होता. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं असतं तर ते बटण उजवीकडे सरकलेलं, रंगीत वगैरे दिसलं असतं. फक्त त्या ऑन असलेल्या बॅकअपने आठ महिन्यांत एकही फोटो वर चढवला नव्हता, आणि हे मला कळलं चोरीनंतर सहाव्या दिवशी, नवीन फोन हातात घेऊन बसले तेव्हा.

पण आधी चोरी. त्यात सांगण्यासारखं फार नाही, बसमध्ये चढताना दारात गर्दी, मागून कोणीतरी रेटत होतं, पुढे एक माणूस उगाच अडून उभा होता, मला वाटलं काय हा बावळट, चढ की. तो बावळट नव्हता, बावळट मी होते. पर्सची पुढची चेन मी नेहमी अर्धी उघडी ठेवते कारण फोन पटकन काढता येतो. तसा तो त्यांनाही पटकन काढता आला. सीटवर बसून हात घातला तर आत रुमाल, किल्ली, एक चुरगळलेलं बिल. तरी मी तीनदा तीच पर्स चाचपली, जणू तिसऱ्या वेळी फोन लाजून बाहेर येणार होता.

शेजारच्या बाईंनी स्वतःचा फोन काढून दिला, लावा म्हणाल्या. माझ्याच नंबरवर लावला. दोनदा रिंग गेली, तिसऱ्यांदा स्विच ऑफ. मग त्या म्हणाल्या घरी कोणाला तरी कळवा, आणि इथे माझी खरी पंचाईत झाली कारण मला पाठ असलेले नंबर एकूण दोन, एक माझा स्वतःचा आणि दुसरा माहेरच्या लँडलाइनचा, जी लाइन बंद होऊनच कितीतरी वर्षं झाली. नवऱ्याचा नंबर मला येत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली. शेवटचे चार आकडे सांगू शकते कारण डिलिव्हरीवाले विचारतात, आधीचे सहा ब्लँक. त्या बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती अजून आठवते.

तर घरी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. आता पुढचं जरा नीट सांगते, कारण इथे मी क्रम चुकवला आणि तो बरेच जण चुकवत असणार.

घरी पोचल्या पोचल्या मी नवऱ्याच्या फोनवरून कस्टमर केअरला लावून सिम ब्लॉक केलं. शहाण्यासारखं वाटतं ना? ओटीपी सगळे त्याच नंबरवर येतात, बँक त्याच नंबरवर, त्यामुळे सिम बंद करायलाच पाहिजे याबद्दल वादच नाही. पण सिम बंद झालं की फोनचं मोबाइल नेटही बंद, आणि फोन नेटवर नसेल तर तुम्ही लांबून पाठवलेली लॉकची कमांड त्याच्यापर्यंत पोचणार कशी? म्हणजे खरं तर आधी दुसऱ्या कुठल्याही फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून लॉग इन करून फोन लॉक करायचा, हरवला म्हणून मार्क करायचा आणि मग लगेच सिम ब्लॉक. एवढं एक मिनिटात होणार असेल तरच हां. लॉग इन करताच येत नसेल तर मात्र त्यात वेळ घालवू नका, सिम आधी. चोर काय करतो, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो, की ओटीपी त्याच्या हातात, तुमच्या फोनला कितीही भारी लॉक असू दे. यावर एक जुनाच उपाय आहे तो म्हणजे सिमला स्वतःचा पिन ठेवणे. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आधी पिन मागतं, तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतं आणि चोराचं काम तिथेच अडतं. ही सोय जुन्या बटणवाल्या फोनांपासून आहे आणि माझ्या ओळखीत एकही माणूस ती वापरत नाही. मीही नव्हते वापरत.

मग लॉग इन. अँड्रॉइडवाल्यांसाठी गूगलचं फाइंड हब आहे, आधी त्याचं नाव फाइंड माय डिव्हाइस होतं, आयफोनवाल्यांना फाइंड माय. नवऱ्याच्या फोनवर पासवर्ड टाकला, बरोबर होता, मला केवढा अभिमान वाटला की आठवला. त्यावर स्क्रीनवर काय आलं तर, तुमच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवलं आहे, त्यावर 'होय' दाबा. कुठल्या फोनवर? तर चोराच्या खिशातल्या. बरं, दुसरा मार्ग दाखवा म्हटलं. एसएमएसने कोड पाठवतो. ज्या नंबरचं सिम मी दहा मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने ब्लॉक केलं त्या नंबरवर. बरं, तिसरा मार्ग. बॅकअप कोड टाका.

बॅकअप कोड म्हणजे टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची ही दुसरी खात्री, चालू करताना गूगल आठ-आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, असल्याच वेळेसाठी. आणि मी ते घेतले होते! मला अगदी लख्ख आठवत होतं की मी ते सांभाळून ठेवलेत. स्क्रीनशॉट काढून. फोनच्या गॅलरीत.

नवरा बिचारा हसला नाही, म्हणजे तेव्हा हसला नाही.

शेवटी मला वाचवलं ते जुन्या लॅपटॉपने, जो मी महिनोन्महिने उघडला नव्हता आणि ज्यात माझं अकाउंट आधीपासून लॉग इन होतं. चार्जिंगला लावून, अपडेट नको नको म्हणत म्हणत चालू केला तेव्हा कुठे नकाशा दिसला. फोन शेवटचा दिसलेला बसस्टॉपच्या पुढच्याच चौकात, त्यानंतर ऑफलाइन. तो ठिपका मी पुढचे दोन दिवस दर अर्ध्या तासाने बघत होते. हलला नाही.

आता नवीन अँड्रॉइडमध्ये एक रिमोट लॉक नावाचं प्रकरण आहे, त्यात नुसता फोन नंबर टाकून फोन लॉक करता येतो, पासवर्ड नको काही नको. पण ते चोरीच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू केलेलं पाहिजे. तसंच २०२४ मध्ये अँड्रॉइडमध्ये चोरी ओळखणारं लॉक आलं, कोणी हातातून फोन हिसकावून पळाला तर त्या झटक्यावरून फोन ओळखतो आणि स्क्रीन लॉक करतो. ॲपलनेही त्याच वर्षी जानेवारीत आयफोनला एक चोरीविरोधी संरक्षण दिलं, कारण चोर आधी खांद्यावरून पासकोड बघून ठेवायचे आणि मग फोन उचलायचे. हे सगळं चांगलंच आहे, पण बघा, यातलं सगळं फोन आणि पैसे वाचवायला. माझा फोन लॉक होता, बँकेतून काही गेलं नाही, त्या बाबतीत मी नशीबवान. माझं जे गेलं त्याला कुठलंही लॉक उपयोगाचं नव्हतं.

तक्रार लिहायला गेले तर फॉर्ममध्ये आयएमईआय विचारला. प्रत्येक फोनचा पंधरा आकडी नंबर, दोन सिमच्या फोनला असे दोन असतात, त्यावरून नेटवर्कवर तो फोन ब्लॉक करता येतो. कुठे मिळतो? खोक्यावर. खोकं कुठे? घर आवरताना मीच फेकलं होतं, उगाच जागा खातंय म्हणून. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो, पण फोन पाहिजे ना. शेवटी भाच्याने त्या फाइंड हबच्या पानावरच एका बारक्या चिन्हामागे लपलेला काढून दिला. तुम्ही हे वाचताय त्या फोनवर आत्ता दाबा आणि कागदावर लिहून ठेवा, कागदावर म्हणतेय मी, स्क्रीनशॉट नाही.

एक निर्णय अजून घ्यायचा होता, तो म्हणजे लांबून फोन पुसायचा की नाही. पुसला की आतलं सगळं जातं आणि अँड्रॉइडवर त्यानंतर फोन नकाशावरही दिसत नाही, म्हणजे शोधायची शेवटची आशा आपणच मारायची. मी दोन दिवस थांबले. मग कमांड देऊन टाकली. फोन नेटवर आला तरच ती लागू होणार होती, तो आला की नाही देव जाणे. पण मन घट्ट करून मी ते बटण दाबू शकले याचं कारण एकच, मला खात्री होती की माझं सगळं वर आहे. बॅकअप ऑन होता ना.

सहाव्या दिवशी नवीन फोन आला. भाचा मुद्दाम येऊन बसला, म्हणाला मावशी तू घाईघाईत स्किप स्किप दाबशील. तो का म्हणाला ते ऐका, व्हॉट्सॲप नवीन फोनवर टाकताना एकदाच विचारतं की जुना बॅकअप परत आणू का. तिथे स्किप दाबलं तर पुढे ॲप काढून परत टाकावं लागतं, आणि मधल्या काळात रात्री नवीन बॅकअप झाला तर तो जुन्याच्या बोडख्यावर जाऊन बसतो, जुना गेला. नंबर तोच आणि गूगल अकाउंट तेच पाहिजे, नाहीतर सापडतच नाही.

सुरुवात तर झकास झाली. कॉन्टॅक्ट झरझर आले, सगळे, अगदी 'प्लंबर नको हा' आणि 'प्लंबर चांगला' सुद्धा. कॅलेंडर आलं. ॲप एकेक करून उतरायला लागली. मी भाच्याला म्हटलं बघ, तुझी मावशी अगदीच ही नाही. मग फोटो उघडले. वर सगळ्यात नवीन फोटो दिसला तो लेकीच्या दात पडल्याचा, समोरचा दात, हातावर ठेवलेला. मी म्हटलं अजून उतरत असतील. हा दात तर कधीच पडलाय, आता तिथे नवीन पूर्ण आला. भाच्याने काहीतरी दाबलं, थोडा वेळ गप्प बसला, आणि मग अगदी डॉक्टर बोलतात तशा आवाजात म्हणाला, "मावशी, स्टोरेज फुल आहे तुझं. आठ महिन्यांपासून."

गूगल फुकट देतं ते १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र. पूर्वी फोटो हवे तेवढे ठेवता यायचे, जरा कमी क्वालिटीत, ते १ जून २०२१ पासून बंद झालं. पूर्वी व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्या १५ जीबीत धरत नसत, तेही २०२४ च्या सुमारास धरायला लागले. हे दोन्ही मला माहीत होतं का? बातमी म्हणून माहीत होतं. माझ्या फोनला ते लागू आहे असं काही वाटलं नव्हतं. माझ्या व्हॉट्सॲप बॅकअपमध्ये व्हिडिओही धरलेले होते, म्हणजे सगळ्या ग्रुपवरचे सगळे सुविचार, नाचणारी मांजरं, कुणाच्या तरी गृहप्रवेशाचा पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ, हे सगळं माझ्या पोरीच्या फोटोंच्या जागेवर जाऊन पाय पसरून बसलं होतं. आणि फोनने मला सांगितलं नव्हतं असंही नाही. ते नोटिफिकेशन यायचं, स्टोरेज भरलं, बॅकअप थांबलाय. रोज सकाळी मी ते अंगठ्याने बाजूला सरकवायचे, जसं आपण झोपेत माशी हाकलतो. आठ महिने हाकलली.

आयफोनवाल्यांनी हसू नये, तुम्हाला आयक्लाउडवर फुकट मिळतं ते पाचच जीबी.

बरं एवढंच नाही. आठ महिन्यांआधीचं तरी सगळं होतं का, तर तेही नाही. गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेले, स्क्रीनशॉट, स्कॅन केलेली कागदपत्रं, यांचे फोल्डर वेगळे असतात आणि ते एकेक करून आपण चालू करायचे असतात. मी केले नव्हते. व्हॉइस रेकॉर्डर आपलं आपल्यापाशीच ठेवत होता. आणि नोट्स.

नोट्सबद्दल सांगते. फोनसोबत येतं ते नोट्सचं ॲप, पिवळं, साधं. त्याचा बॅकअप फोन कंपनीच्या स्वतःच्या अकाउंटवर होतो, ते अकाउंट मी कधी काढलंच नाही, कारण आधीच एवढी अकाउंटं, अजून एक कशाला. त्यात किराण्याच्या याद्या होत्या, वाय-फायचा पासवर्ड होता, त्या गेल्या तर गेल्या. पण एक नोट होती 'पिल्लूचे शब्द' नावाची. लेक बोलायला लागल्यापासून मी त्यात लिहीत होते, ती जे शब्द उलटेसुलटे म्हणायची ते. पांघरुणाला घांपरूण. कुलपाला कुपूल. फुलपाखराला फुलखापरू. प्रत्येकापुढे तारीख आणि कधी म्हणाली ते अर्ध्या ओळीत. साठ-पासष्ट तरी असतील. चार वर्षं चालू होती ती यादी, कधी रिक्षात, कधी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, विसरायच्या आत टाइप करायचे. आता ती सात वर्षांची आहे, पांघरुणाला पांघरूण म्हणते आणि मला व्याकरण शिकवते.

भाच्याने बराच प्रयत्न केला. अँड्रॉइडचा स्वतःचा एक बॅकअप असतो, सेटिंग, एसएमएस, कॉलचा इतिहास आणि ॲपचा डेटा, पण ॲपच्या डेटाला त्यात मर्यादा असते आणि ॲपने तो द्यायचा का नाही हेही ॲपच्या मर्जीवर. त्या पिवळ्याची मर्जी नव्हती. त्याच बॅकअपची अजून एक गंमत कळली, फोन ५७ दिवस वापरला गेला नाही तर गूगल तो बॅकअप पुसून टाकू शकतं. म्हणजे चोरी झाली आणि तुम्ही म्हणालात की जाऊ दे, तीन महिन्यांनी सेलमध्ये घेऊ नवीन फोन, तर घ्या, रिकामाच. दुकानदार मित्र असलेल्या एका नातेवाइकांनी सुचवलं की फोन परत मिळाला तर चिपवरून डेटा काढून देणारे असतात. आजकालच्या फोनमध्ये ते जमत नाही, आतला सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, लॉक उघडल्याशिवाय चिप म्हणजे नुसता दगड. चोराला पण आणि आपल्याला पण.

त्या रात्री भाच्याने माझी शिकवणी घेतली, आणि वय बावीस असलं तरी त्याचं एक म्हणणं मला पटलं. तो म्हणाला, मावशी, तू ज्याला बॅकअप म्हणतेस ते अर्धं सिंक आहे. सिंक म्हणजे आरसा, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गूगल फोटोजमधून एखादा फोटो उडवला की तो कचरापेटीत ६० दिवस, मग सगळीकडून गेला. बॅकअप म्हणजे अशी कॉपी जिला इथे काय झालं याची खबरच नाही. मग त्याने ते ३-२-१ सांगितलं, पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. मी म्हटलं माझी एकच प्रत होती आणि ती पर्सच्या उघड्या कप्प्यात होती.

मी विचारलं की मग पैसे भरून क्लाउड मोठं घेतलं की झालं ना. तर म्हणे क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही लोकांचे इनबॉक्स एका अपडेटच्या चुकीने रिकामे झाले होते, आणि गूगलने ते परत आणले ते कशावरून, तर टेपवरून. चक्क चुंबकीय टेप, ऑफलाइन ठेवलेल्या, ज्या त्या चुकीच्या वाटेत येतच नव्हत्या. आणि मायस्पेस नावाच्या जुन्या सोशल साइटने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना लोकांनी कितीतरी वर्षांत चढवलेली गाणी गेली, परत मिळणार नाहीत. त्यांच्याकडे टेप नव्हती. एवढाल्या कंपन्यांचं असं, तर माझ्या पिवळ्या नोट्सचं काय घेऊन बसलात.

आणि बॅकअप असूनही उघडता न येणं हा अजून एक नमुना. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला २०२१ पासून आपला वेगळा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावता येते, म्हणजे मग गूगललाही तो वाचता येत नाही. छान आहे. पण तो पासवर्ड विसरला तर व्हॉट्सॲपही तो काढून देऊ शकत नाही. ताईच्या ऑफिसातल्या एका बाईंचं असंच झालं, बॅकअप पूर्ण, ताजा, आदल्या रात्रीचा, आणि पासवर्ड ज्या फोनमध्ये लिहिलेला तो गेलेला. माझ्या बॅकअप कोडचा किस्सा ऐकून त्यांना बरं वाटलं असं ताईने सांगितलं. कुणाच्या तरी कामी आले मी.

हो, मध्ये अजून एक झालं. फोन हरवला म्हणून मार्क करताना स्क्रीनवर एक संपर्काचा नंबर टाकता येतो, तिथे मी नवऱ्याचा टाकला होता. नवव्या दिवशी त्याच्या फोनवर मेसेज, तुमचा हरवलेला फोन सापडला आहे, लोकेशन बघण्यासाठी इथे क्लिक करा. मी उड्याच मारल्या. नवरा लिंक उघडणार तेवढ्यात मीच थांबवलं, कारण लिंकमध्ये गूगलचं स्पेलिंग चुकलेलं होतं, तीन ओ होते. हे लोक फोन चोरून गप्प बसत नाहीत, लॉक असलेला फोन विकला जात नाही म्हणून आपल्याचकडून पासवर्ड काढायला बघतात. त्या मेसेजमुळे एक कळलं की फोन कुठेतरी चालू झाला होता आणि कुणीतरी स्क्रीनवरचा नंबर वाचला होता. म्हणजे तोपर्यंत पुसला गेला नव्हता. किंवा आधी नंबर वाचला आणि मग पुसला गेला. या विचारात मी एक अख्खा रविवार घालवला, त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

आता जे थोडं परत मिळालं ते कसं ते सांगते, कारण ते कुठल्या सेटिंगमुळे नाही मिळालं. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं की बाबांनो, मी तुम्हाला गेल्या वर्षभरात जे जे काही पाठवलंय ते सगळं मला परत पाठवा. काय सांगू. दोन दिवस फोन थरथरत होता. धाकट्या जाऊबाईंनी माझेच गुड मॉर्निंग मला परत पाठवले, क्रमाने. काकांनी फक्त स्वतःचा ज्यात फोटो होता ते पाठवले. पण लेकीचे शाळेतले, सहलीचे, वाढदिवसाचे, शंभरच्या वर फोटो असे गोळा झाले. जरा चुरगळलेले म्हणायचे, व्हॉट्सॲपवरून जाताना फोटो दाबून बारीक होतो, मोठा करून बघितलं की चेहऱ्याचे चौकोन दिसतात. पण आहेत.

आणि ताई. ताईला मी वेळोवेळी ते शब्द पाठवायचे, बघ आज काय म्हणाली म्हणून. ताईची एक सवय आहे जिच्यावरून आम्ही तिला आयुष्यभर चिडवलं, ती काहीच टाकत नाही, ना डबे, ना पिशव्या, ना मेसेज. तिने तिच्या फोनमध्ये बसून वर वर सरकत जाऊन माझे मेसेज शोधले आणि एका कागदावर पेनाने लिहून, त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवला. पंचवीस शब्द. तारखांसकट. 'उंरीद, बाल्कनीत, खरा उंदीर नव्हता, मोजा होता.' हा मी साफ विसरले होते.

आता माझं काय चालू आहे ते थोडक्यात. स्टोरेज वाढवून घेतलं. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ काढले. दुसरं एक रिकामं अकाउंट काढून त्यात बॅकअप ठेवायचा डाव होता पण दोन वर्षं हात न लावलेलं अकाउंट गूगल उडवू शकतं म्हणून तो सोडला. महिन्यातून एकदा केबल लावून फोटो हार्ड डिस्कवर, आणि दर चार महिन्यांनी ती डिस्क ताईच्या घरच्या डिस्कशी बदलायची, ताई काही टाकणार नाही हे एक बरं आहे. बॅकअप कोड कागदावर, कागद कपाटात, आणि नवऱ्याचा नंबर पाठ, हे मी रोज अंघोळ करताना म्हणते. ३१ मार्चला वर्ल्ड बॅकअप डे असतो, २०११ पासून, एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी मुद्दाम. त्या दिवशी मी बॅकअप घेत नाही, परत आणून बघते. म्हणजे घरातल्या एखाद्या जुन्या फोनवर नव्याने लॉग इन करायचं आणि उगाच पाच गोष्टी शोधायच्या, एक फोटो, एक रेकॉर्डिंग, एक कागद, एक चॅट, एक नोट. सापडल्या तर आहे, नाही सापडल्या तर ते बटण कितीही रंगीत असू दे. पहिल्या वेळी पाचातल्या तीनच सापडल्या, हे सगळं होऊनसुद्धा.

ताईच्या कागदावरून मी नवीन यादी टाइप करत होते तर लेक मांडीवर येऊन बसली. हे मी म्हणायचे? खरंच? हसून हसून लोळली. मग म्हणाली अजून कुठे आहेत, मी म्हटलं हरवले. थोडा विचार केला तिने आणि एकदम मदतीला धावल्यासारखी सांगायला लागली, "आई, मी ना रेफ्रिजरेटरला फ्रेरिजटेगर म्हणायचे, लिही." तिने आयुष्यात फ्रीजला फ्रीजच म्हटलंय. मग अजून एक, मग अजून एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा अवघड, जोडाक्षरांनी भरलेले. मी सगळे लिहिले. तारीख आजची टाकली.